जुन्या दुचाकींसाठी १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपावर राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल आपल्या दैनिकात बातम्या, लेख आणि वाचकांची पत्रे सातत्याने येत आहेत. काहींच्या मते या पेट्रोलने इंजिने जळून जातात, तर काहींच्या मते कोणालाच काही होत नाही आणि तक्रार करणारे सगळे अपप्रचार करीत आहेत. सांगली जिल्ह्यात माझी ऊसशेती आहे आणि तालुक्याच्या गावी दुचाकी दुरुस्तीचे गॅरेजही आहे. इथेनॉलचा पैसा माझ्या घरात येतो आणि इथेनॉलमुळे अडलेल्या गाड्याही माझ्याच दारात येतात. दोन्ही बाजू रोज पाहणाऱ्या माणसाने यावर सविस्तर लिहिणे योग्य वाटले, म्हणून हे पत्र.

इथेनॉल मिश्रणाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली देशात ज्या तीन ठिकाणी झाले, त्यांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन आपल्या राज्यातली होती. तिसरे उत्तर प्रदेशातले बरेली. २००३ मध्ये नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले, पण पुढची दहा वर्षे योजना रखडतच राहिली आणि २०१४ मध्ये प्रत्यक्ष मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होते. जून २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. या काळात आमच्या भागातल्या कारखान्यांनी आसवन्या उभारल्या, बी-हेवी मळी (जिच्यात अजून बरीच साखर शिल्लक असते) आणि उसाचा रस इथेनॉलकडे वळवला, आणि साखर गोदामात पडून असली तरी इथेनॉलचे पैसे हाती येत राहिल्यामुळे एफआरपीची, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दराची, बिले पूर्वीइतकी लांबेनाशी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध घातले, तेव्हा ऊसपट्ट्यात काय तारांबळ उडाली होती, हे इथल्या कोणालाही विचारावे. तेलाच्या आयातीवरचे परकीय चलन वाचते हेही खरेच आहे. २०१४-१५ पासून १ लाख ४० हजार कोटी रुपयांहून अधिक वाचल्याचे सरकार सांगते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी बनवलेल्या जुन्या दुचाकींना तेवढ्याच मिश्रणाचे पेट्रोल पंपावर वेगळे मिळत राहिले पाहिजे. ही मागणी मुळात माझी नाही, ती सरकारच्याच अहवालात आहे. त्याकडे पुढे येतो.

सगळ्या मोटारसायकलींना एकाच तराजूत तोलल्यामुळे या वादात गोंधळ झाला आहे. पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलच्या रेणूतच प्राणवायू असल्याने त्याला ९ भाग पुरतात, आणि २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ भाग. एप्रिल २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यानंतर आलेल्या जवळजवळ सर्व मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आहे. धुरात प्राणवायू जास्त उरला की सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर ते ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला, कळवतो आणि ईसीयू पेट्रोलचा फवारा थोडा वाढवतो, म्हणजे गाडी स्वतःला बऱ्याच अंशी जुळवून घेते. कार्बोरेटरमध्ये अशी कोणतीच सोय नसते. ज्यातून पेट्रोल जाते त्या जेटचे भोक ज्या मापाचे, त्या मापानेच इंधन जाणार, मग टाकीत काहीही भरलेले असो. त्यामुळे जुनी गाडी २० टक्के मिश्रणावर आमच्या भाषेत लीन चालते: हवा जास्त, इंधन कमी. सकाळी चोक जास्त वेळ ओढून धरावा लागतो, अर्ध्या थ्रॉटलला पिकअप खाते, उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सर फटफटतो आणि मागे दुधाचे कॅन लावून चढ चढताना इंजिन लवकर तापते. मेन जेट एका मापाने मोठा घालून आणि पायलट स्क्रू फिरवून हे बरेच सुधारता येते, पण ते समजणारा आणि तेवढा वेळ देणारा मिस्त्री प्रत्येक गावात नाही.

सरकारच्या नियमांतही हा फरक मान्य केलेला आहे. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे रबर आणि प्लॅस्टिकचे भाग २० टक्के मिश्रणाला टिकणारे असतात, आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनेही त्याच मिश्रणावर जुळवून बाहेर पडू लागली. त्याआधीच्या अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतचेच मिश्रण वापरावे असे छापलेले आहे. देशात नोंदणी झालेल्या दुचाकी २१ कोटींहून अधिक आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य २०२३ पूर्वीच्या आहेत हे सांगायला वेगळ्या अभ्यासाची गरज नाही. पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर भरून रीतसर पुनर्नोंदणी केलेल्या गाड्याही त्यांत आल्या. या गाड्या चालवणारे लोक कोण आहेत, तर ऊसतोडीचा मुकादम, दूध घालणारा, गवंडी, एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार. हौसेने जुनी गाडी जपणारे त्यांत थोडे; नवीन घेणे परवडत नाही म्हणून जुनी वापरणारे फार.

आता ॲव्हरेजचा मुद्दा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक लिटर इथेनॉलमध्ये २१. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत २० टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये ऊर्जा सुमारे ७ टक्के कमी, आणि १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या आणि १० टक्क्यांवर जुळवलेल्या दुचाकींचे ॲव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज दिला आहे, आणि तो या गणिताला धरून आहे. गाडीचे ॲव्हरेज थेट वीस-पंचवीस टक्क्यांनी पडल्याचे जे सांगतात, त्यांना मी माझ्या गॅरेजात हेच सांगतो की एवढी घट नुसत्या इथेनॉलने होत नाही. एअर फिल्टर, चेन, टायरमधली हवा आणि क्लच प्लेट आधी बघू. तरीही चार टक्के म्हणजे काहीच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. दिवसाला एक लिटर जाळणाऱ्या माणसाला, पेट्रोल शंभराच्या वर असताना, रोजचे चार रुपये जास्त पडतात आणि वर्षाकाठी सुमारे साडेचौदाशे. हा पैसा तो ऊर्जेसाठी देतो आहे, जी त्याच्या टाकीत आलेलीच नाही.

गॅरेजमध्ये ॲव्हरेजपेक्षा मोठी तक्रार येते ती उभ्या राहिलेल्या गाड्यांची. महिना-दीड महिना न चालवलेली शंभर सीसीची जुनी गाडी, किक मारून मारून दमल्यावर, ढकलत आणली जाते. कार्बोरेटर उतरवून त्याची पेट्रोल साठवणारी वाटी, म्हणजे फ्लोट चेंबर, उघडला की तळाशी पांढरट, ओलसर भुकटी बसलेली दिसते. आतल्या मिश्रधातूला लागलेला हा क्षार असतो. पायलट जेट उजेडाकडे धरला तर भोक आरपार दिसत नाही. चेंबरची रबरी रिंग आपल्या खाचेतून वर आलेली असते, आणि ती पुन्हा बसवू गेले तर खाचेपेक्षा लांब भरते, एका बाजूला दाबली की दुसऱ्या बाजूला उचलते, इतकी ती फुगलेली असते. ती तशीच कोंबून झाकण आवळले तर दोन दिवसांत पेट्रोल ठिबकू लागते, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणे किती धोक्याचे आहे हे वेगळे सांगायला नको.

हे सगळे केवळ इथेनॉलचे काम आहे असा माझा दावा नाही. पंधरा वर्षांचे रबर तसेही जीव सोडते आणि उभ्या गाडीतले पेट्रोल पूर्वीही चिकट होत असे. शिवाय इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ आणि गंज सुटा करून पुढे ढकलते; तो दोष टाकीच्या वयाचा म्हणावा लागेल. पण जुन्या नायट्राइल रबराला इथेनॉल सोसत नाही, आणि त्याचे प्रमाण दुप्पट झाल्यावर हा त्रास वाढणारच. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने स्वतःच सांगितले की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, ते स्वस्त आहेत आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये बदलता येतात. वायसर आणि रिंग स्वस्त आहेत हे मलाही मान्य आहे. अडचण अशी, की दहा-बारा वर्षांपूर्वी बंद झालेल्या मॉडेलचे मूळ कंपनीचे रबर किट बाजारात सहसा मिळत नाही, आणि जे नकली किट मिळते तेही त्याच साध्या रबराचे असते, म्हणजे बदललेला भाग पुन्हा फुगणार. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनी जुन्या मॉडेलसाठी इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लोरो रबराची किट पुरवावीत, असा आदेश सरकारला सहज काढता येईल.

पाण्याचा विषय याहून महत्त्वाचा आहे आणि त्यावर फारच कमी बोलले जाते. इथेनॉल पाणी ओढून घेते. साध्या पेट्रोलच्या काळात टाकीत थोडे पाणी गेले तर ते थेंबाथेंबाने तळाशी बसायचे. पेट्रोल कॉकची वाटी काढून झटकली की काम व्हायचे. आता पाणी आधी मिश्रणात विरघळते आणि दिसतच नाही. १० टक्के मिश्रण साधारण अर्धा टक्का पाणी सामावून घेते, २० टक्के मिश्रण त्याहून अधिक. ती मर्यादा ओलांडली की मात्र पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. कॉकचे तोंड नेमके तळाशी असते, त्यामुळे इंजिनाला पहिल्यांदा तोच थर मिळतो आणि गाडी बंद पडते. वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेनही, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याची क्षमता, उतरलेला असतो, कारण मिश्रणाला आवश्यक तो ऑक्टेन इथेनॉलनेच भरून काढलेला असतो. हवेतल्या नुसत्या दमटपणाने असा थर धरायला बराच काळ लागतो, हेही खरे आहे. पण झाकणाची रबरी चकती फाटलेली जुनी दुचाकी कोकणातल्या किंवा शिराळा, पन्हाळा भागातल्या पावसात चार महिने उघड्यावर उभी राहते तेव्हा पाणी थेट आत उतरते. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचे पाणी झिरपले तर तीच गोष्ट एकाच वेळी पन्नास गाड्यांच्या बाबतीत घडते.

सरकारच्या चाचण्यांबद्दल मला आदर आहे. वाहनांच्या चाचण्या करणारी आपल्या पुण्यातल्या एआरएआयसारखी संस्था त्यांत आहे, आणि १ लाख किलोमीटरपर्यंत दर १० हजार किलोमीटरला केलेल्या तपासणीत, कार्बोरेटरच्या गाड्या धरूनही, शक्ती आणि इंधनखपतीत दखल घ्यावी असा फरक आढळला नाही, असे मंत्रालयाने म्हटले आहे. परंतु चाचणीतली गाडी रोज पळते. तिच्या टाकीतले पेट्रोल दोन दिवसांत संपते, तिची देखभाल जाणकार करतात आणि तिचे रबर नवे असते. गावाकडची जुनी दुचाकी पेरणी-काढणीच्या दिवसांत रोज पळते आणि मग कित्येक आठवडे गोठ्याच्या कडेला उभी राहते. पळणाऱ्या गाडीची चाचणी उभ्या गाडीला लागू पडत नाही, आणि मी पाहिलेले बहुतेक बिघाड उभ्या गाड्यांचे आहेत. जुन्या रबराची, अर्ध्या भरलेल्या टाकीची, पावसाळाभर उघड्यावर उभी ठेवलेली गाडी चाचणीत घेऊन तिचे निष्कर्ष जाहीर करावेत, ही माझी एआरएआयला विनंती आहे.

नीती आयोगाच्या ज्या अहवालाचा वर उल्लेख केला, त्यातच असेही म्हटले होते की जुन्या वाहनांच्या संरक्षणासाठी १० टक्के मिश्रणाचे पेट्रोल सुरू ठेवावे, आणि जास्त मिश्रणाचे पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावे, म्हणजे कमी ऊर्जेची भरपाई होईल आणि लोकही ते स्वीकारतील. २० टक्क्यांचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते. ते पाच वर्षे अलीकडे आणले गेले आणि वेळेआधी गाठलेही, मात्र त्याच आराखड्यातल्या या दोन अटी मागे पडल्या. स्वस्त का नाही, याचे सरकारचे उत्तर असे आहे की अहवाल लिहिला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते, आता ते महाग आहे. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात जुलैअखेर त्याचा सरासरी खरेदी दर वाहतूक आणि जीएसटीसह लिटरला ७१.३२ रुपये पडला. शेतकरी म्हणून हा दर मला कमी व्हायला नको आहे. पण चढ्या दराचा भार कोणी उचलायचा हा करधोरणाचा प्रश्न आहे, आणि पेट्रोलवरच्या केंद्राच्या व राज्याच्या करांत त्याला जागा आहे. तो भार दूधवाल्याच्या ॲव्हरेजमधून वसूल करणे न्यायाचे नाही.

परदेशांची उदाहरणे या वादात सोयीने दिली जातात. ब्राझीलमध्ये ऑगस्ट २०२५ पासून पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल आहे, हे बरोबर. पण तिथे हा कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे, २००३ पासून कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या मोटारी विकल्या जात आहेत, २००९ मध्ये तशी मोटारसायकलही आली, आणि इथेनॉल व पेट्रोल वेगळ्या नळांतून मिळत असल्याने दर पाहून काय भरायचे ते ग्राहक ठरवतो. अमेरिकेत १५ टक्क्यांचे मिश्रण मोटारसायकलींत भरायला परवानगीच नाही, आणि ते कोणत्या वाहनांसाठी आहे याची ठळक पट्टी पंपावर असते. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये १० टक्के मिश्रण नेहमीचे केले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांचे पेट्रोल महागड्या प्रतीत का होईना, शिल्लक ठेवले. आपल्याकडेही तंत्रज्ञानाची वानवा नाही. टीव्हीएसने २०१९ मध्ये इथेनॉलवर चालणारी अपाची आणली, होंडाने २०२४ मध्ये ८५ टक्क्यांपर्यंतचे मिश्रण चालणारी सीबी ३०० एफ आणली. नव्या गाड्यांचा प्रश्न सुटलेला आहे किंवा सुटेल. जुन्या गाड्यांना मात्र आपण पर्यायच ठेवलेला नाही.

दोन प्रकारचे पेट्रोल ठेवणे व्यवहार्य नाही, असे उत्तर यावर येईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचे पेट्रोल सुरू झाले तेव्हा ते ८४ पंपांवर वेगळेच विकले जात होते, आणि पुढची दोन वर्षे देशात दोन्ही मिश्रणे एकाच वेळी चालू होती. आजही अनेक पंपांवर साध्या आणि प्रीमियम पेट्रोलसाठी जमिनीखाली वेगळ्या टाक्या आहेत. प्रत्येक पंपावर नको, तालुक्याला दोन-तीन पंपांवर एक नळ १० टक्क्यांचा ठेवला तरी भागेल. या नळावरचे पेट्रोल महागड्या प्रतीचे नसावे, कारण ज्यांना ते लागणार आहे त्यांना महाग परवडणार नाही.

प्रत्येक पंपावर मिश्रणाची टक्केवारी मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावी, अशी दुसरी विनंती आहे. गाडी बनवणाऱ्याने ती कोणत्या मिश्रणाला चालते याचा स्टिकर गाडीवर लावावा, असा नियम २०२१ मध्येच झाला. पंपावर मात्र तशी पाटी आमच्या भागात मला कुठे दिसलेली नाही. मागितल्यास पंपावर फिल्टर पेपरची आणि पाच लिटर मापाची तपासणी करून मिळते, तशीच मिश्रणाचीही मिळावी. मापाच्या काचेच्या नळीत ९० मि.ली. पेट्रोल आणि १० मि.ली. पाणी घालून ती हलवली आणि दहा मिनिटे उभी ठेवली, की इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर १० वरून सुमारे २८ मि.ली. पर्यंत वाढतो. तो याहून बराच मोठा भरला तर मिश्रणात इथेनॉल किंवा पाणी जादा आहे हे ग्राहकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. या तपासणीला काही फार मोठा खर्च येत नाही.

२० टक्क्यांचा सध्याचा आराखडा ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचा असून, त्यापुढचा निर्णय आंतरमंत्रालयीन समितीच्या अहवालानंतर होईल, असे सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले होते. ही समिती वाहन कंपन्या, तेल कंपन्या आणि साखर कारखानदार यांचे म्हणणे ऐकतेच. तिने एखाद्या तालुक्याच्या गावी येऊन दुचाकी मिस्त्रींचे आणि पंपचालकांचेही ऐकावे, आणि १० टक्क्यांच्या नळाचा निर्णय झाल्याशिवाय २० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. सांगली, कोल्हापूर, सातारा भागातले खासदार ऊसदराचा प्रश्न संसदेत नेहमी मांडतात. त्यांनी आपल्याच मतदारांच्या या जुन्या दुचाकींचा प्रश्नही तिथे मांडावा, ही आपल्या दैनिकामार्फत त्यांना विनंती.

आपला,
एक ऊस उत्पादक व दुचाकी मिस्त्री,
जि. सांगली